मारणारा बाप, मागल्या जन्मीचं कर्म आणि येशूचा राग : बौद्ध घरातून ख्रिस्ताकडे

पाऊलखूण

येत्या ईस्टरच्या आदल्या रात्री मी बाप्तिस्मा घेणार आहे. जन्म बौद्ध घरातला, त्रिसरण-पंचशील बोलायला लागल्यापासून पाठ. या मंचावर धम्म मनापासून जगणारे आहेत, जन्माने ख्रिस्ती आहेत आणि कुठलाच धर्म न मानणारेही आहेत. म्हणून इथेच लिहिते. परवानगी मागत नाहीये, पण जे चाललंय ते कुणासमोर तरी नीट मांडायचं आहे.

बुद्धाबद्दल माझ्या मनात कसलाही किंतु नाही, हे आधीच सांगते. हा धागा कुणाच्या श्रद्धेवर चिखल उडवायला काढलेला नाही.

माझे वडील धम्माचे जाणकार म्हणून ओळखले जायचे. लोक त्यांच्याकडे शंका घेऊन येत आणि ते शांतपणे, समजावून उत्तरं देत. घरात मात्र ते मला आणि माझ्या भावाला मारायचे. हाताला येईल त्याने आणि दमेपर्यंत. मारून झालं की आसनावर बसायचे. पाठ ताठ, डोळे मिटलेले. मी दाराच्या फटीतून बघत असे. हळूहळू त्यांचा श्वास संथ व्हायचा, कपाळावरची शीर उतरायची, चेहरा अगदी निवळायचा. माझे हुंदके तोवर थांबलेले नसत. ते उठायचे तेव्हा त्यांच्यापुरतं सगळं मिटलेलं असायचं.

आई म्हणायची, "मागल्या जन्मीचं काही देणं असेल, सोसून टाक म्हणजे फिटेल." ती दुष्टपणाने म्हणत नव्हती. तिला स्वतःलाही तेच सांगून ठेवलेलं होतं. नात्यातल्या एका वयस्क बाईंनी मला रोज रात्री वडिलांसाठी मेत्ता, म्हणजे मैत्रीभावनेची साधना, करायला बसवलं. "ते सुखी होवोत, ते वैरमुक्त होवोत." आठ-नऊ वर्षांची मी पांघरुणात थरथरत ते म्हणायचे. जमलं नाही की वाटायचं, माझंच मन मलिन आहे, म्हणूनच मार बसतो.

मोठी झाल्यावर एका मैत्रिणीबरोबर प्रार्थनेला गेले होते, निव्वळ सोबत म्हणून. तिथे बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय वाचला गेला. येशू एका लहान मुलाला मध्ये उभं करतो आणि म्हणतो, या लहानांतल्या एकाला जो कुणी अडखळवील, त्याच्या गळ्यात जात्याची मोठी तळी बांधून त्याला खोल समुद्रात बुडवावं, हे त्याच्या हिताचं आहे.

माझ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी लहान मुलाच्या बाजूने चिडलेलं मी ऐकलं. प्रेम, शांती, करुणा हे शब्द मी घरात इतके ऐकले होते की ते माझ्यापर्यंत पोचतच नसत. हा राग मात्र थेट पोचला. त्या दिवसापासून मी वाचत गेले, विचारत गेले, आणि आज इथवर आले आहे.

तुम्हाला जे वाटेल ते मोकळेपणाने लिहा.

दगडफूल

ताई, आधी तुम्ही जे भोगलंत त्याबद्दल मनापासून वाईट वाटतं. मी बौद्ध आहे आणि तुमचं लिहिणं वाचून मला शरम वाटली, कारण तुम्हाला जे शिकवलं गेलं ते आमच्याच भाषेत शिकवलं गेलं.

पण ते बुद्धाचं शिकवणं नव्हे, हे नोंदवणं मला भाग आहे. संयुत्तनिकायात, म्हणजे बुद्धाच्या सुत्तांच्या (प्रवचनांच्या) पाली संग्रहात, मोळियसीवक नावाचा परिव्राजक (फिरता संन्यासी) भगवंतांना विचारतो, माणसाला जे काही सुखदुःख होतं ते सगळं पूर्वकर्मामुळेच, असं काही लोक म्हणतात, खरं का? भगवंत सरळ नाही म्हणतात. ते आठ कारणं सांगतात : पित्त, कफ, वात, तिन्हींचा एकत्र प्रकोप, ऋतुबदल, हयगय, दुसऱ्याकडून झालेला आघात आणि आठवं कर्मविपाक, म्हणजे कर्माचं फळ. दुसऱ्याकडून होणारा आघात तिथे वेगळा मोजलेला आहे. तुमच्या वडिलांचा हात हा आघातच होता. त्याचं बिल तुमच्या मागल्या जन्मावर फाडणं ही सुत्ताची पायमल्ली आहे. बाबासाहेबांनी तर गतजन्मीच्या कर्मावर आजचं दुःख लादणारी मांडणी साफ नाकारली, कारण ती मांडणी अन्याय करणाऱ्याला मोकळं सोडते हे त्यांना नेमकं कळलं होतं.

मेत्तेचंही तेच. पाचव्या शतकात बुद्धघोष या आचार्याने विसुद्धिमग्ग या साधनेच्या ग्रंथात क्रम घालून दिलाय. सुरुवात स्वतःपासून. मग आदरणीय माणूस, मग जिवलग, मग तटस्थ आणि वैरी सगळ्यात शेवटी. वैऱ्यापासून सुरुवात करायची नाही, असं त्यात स्पष्ट आहे, आणि त्याच्यावर मन टेकवताना चीड उसळली तर मागे फिरून आधीच्या माणसांवर यायचं. लहान पोरीला मारणाऱ्यापासून सुरुवात करायला लावणं म्हणजे साधना उलटी धरून तिच्या गळ्यात बांधणं.

तुम्ही जाऊ नका असं म्हणत नाही. पण ज्या घरातून निघताय ते बुद्धाचं घर होतं का, एवढं एकदा बघा.

कातरवेळ

तुमचा राग वडिलांवर आहे. तो धर्मावर निघतोय का? माझ्या मामेभावाने असंच केलं, पुढे तिकडेही त्याचं कुणाशी पटलं नाही. काळजीपोटी विचारतेय.

निळीशाई

कातरवेळ यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्यावर बराच अभ्यासही झाला आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. मी मानसशास्त्र शिकवतो. स्वतः कुठलाच धर्म पाळत नाही.

शाना उलमन यांनी १९८२ मध्ये चाळीस धर्मांतरितांच्या मुलाखतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. धर्म न बदललेल्यांशी तुलना करता या लोकांचं बालपण जास्त खडतर होतं, आणि वडिलांशी नातं हा त्यातला मोठा धागा होता : वडील नव्हते, किंवा असून नसल्यासारखे होते, किंवा वैर धरून वागणारे होते. तत्त्वांची चिकित्सा करत करत धर्म बदलला असं चित्र तिथे फारसं दिसलं नाही, भावनिक उलथापालथ जास्त दिसली. १९९० मध्ये कर्कपॅट्रिक आणि शेव्हर यांनी 'भरपाई'ची कल्पना तपासली. लहानपणी आधाराचं माणूस भरवशाचं नसेल तर पुढे देव ती जागा घेतो, अशी ती कल्पना. अशा लोकांत पुढे धार्मिकता अधिक आढळली. मात्र हे मुख्यतः आई फारशी धार्मिक नसलेल्या घरांत दिसलं. एकाएकी होणारं धर्मांतरही अशा लोकांत अधिक आढळलं. पाऊलखूण यांचं घर तर धार्मिक होतं आणि त्यांचा बदलही एकाएकी झालेला नाही. म्हणजे साचा त्यांना जसाच्या तसा बसत नाही.

आता माझं मत. एखाद्या निर्णयाचं मूळ जखमेत आहे म्हणून तो निर्णय खोटा ठरत नाही. बापाने मारलं म्हणून कुणी वकील होऊन मुलांचे खटले लढवतं, कुणी लग्नच करत नाही, कुणी देव सोडतं. यातल्या कुणालाही आपण 'हे तुझं खरं मत नव्हे' असं म्हणत नाही. धर्माच्या बाबतीतच का म्हणायचं?

एक कळकळीची विनंती मात्र आहे. उपचार चालू असतील तर थांबवू नका, नसतील तर सुरू करा. श्रद्धेने अर्थ मिळतो, पण दार जोरात आपटलं की अंगाचा जो थरकाप होतो तो त्याने आपोआप जात नाही. आणि तो गेला नाही म्हणून 'माझी श्रद्धाच कमी' असं वाटायला लागलं, तर मेत्तेच्या वेळचंच दुःख नव्या नावाने परत येईल.

पाऊलखूण

निळीशाई, उपचार चालू आहेत आणि चालूच राहतील. शेवटची ओळ मी माझ्या समुपदेशक बाईंना वाचून दाखवणार आहे.

कातरवेळ, वडिलांवर राग आहेच. पण धर्मावर राग काढायचा असता तर मी कुठलाच धर्म घेतला नसता. मला राग काढायला जागा नको होती, तो घेऊन उभं राहायला जागा हवी होती. स्तोत्रसंहितेत माणसं देवाला जाब विचारतात. तू झोपलायस का, किती वेळ तोंड लपवणार आहेस, असं थेट विचारतात, आणि ते पवित्र शास्त्रात ठेवलेलं आहे, काढून टाकलेलं नाही. क्रुसावर येशू स्वतः बाविसाव्या स्तोत्रातलं वाक्य ओरडतो : "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" घरी मला कायम सांगितलं गेलं की राग हा विकार आहे, त्याच्याकडे नुसतं बघ, तो विरून जाईल. माझा विरला नाही. आता तो मी कुणाला तरी उद्देशून बोलू शकते.

दगडफूल, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. मोळियसीवकाचं सुत्त मला कुणी लहानपणी सांगितलं असतं तर रात्री जरा बरी झोप लागली असती. खरंच. योहानाच्या नवव्या अध्यायात जवळजवळ हाच प्रश्न येतो. जन्मांध माणूस दिसतो आणि शिष्य विचारतात, पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, यानेही नाही आणि यांच्या आईबापांनीही नाही. दोन्हीकडे प्रश्न तोच, आणि दोघांनीही विचारणाऱ्याची चौकटच मोडली. हे मला तुमच्यामुळे दिसलं.

गव्हाचा दाणा

मी जन्माने ख्रिस्ती. ताई, स्वागत करायला मन धावतंय, पण आधी सावध करायचं आहे. आमच्याकडे लोक नव्या माणसाला फक्त गोड गोष्टी सांगतात, तसं मला करायचं नाही.

मारणारे बाप आमच्या घरांतही आहेत आणि त्यांच्या हातात वचनं आहेत. बायबलमधल्या नीतिसूत्रांत छडी आवरणारा बाप मुलाचा वैरी, असं आहे. ते तेराव्या अध्यायातलं वचन किती मुलांच्या पाठीवर उमटलंय हे मी पाहिलंय. "आपल्या बापाचा व आपल्या आईचा मान राख" ही आज्ञा तुम्हाला लौकरच ऐकवली जाईल. तेव्हा इफिसकरांच्या पत्राचा सहावा अध्याय त्यांच्यासमोर उघडा. ही आज्ञा तिथे पुन्हा येते आणि लगेच पुढे बापांना बजावलेलं आहे की मुलांना चिरडीस आणू नका. लोक पहिलं वाक्य वाचतात आणि पुस्तक मिटतात.

दुसरं, क्षमा. "येशूने क्षमा केली, तूही वडिलांना करून टाक" असं कुणीतरी पहिल्याच महिन्यात म्हणेल, डोळ्यांत पाणी आणून म्हणेल. क्षमा म्हणजे पुन्हा त्या माणसाच्या हाताच्या टप्प्यात जाणं नव्हे. पश्चात्तापाशिवाय समेट होत नाही. शुभवर्तमानातल्या जक्कय या जकातदाराने नुसतं 'चुकलं' म्हटलं नाही, लुबाडलेल्याच्या चौपट परत करायची तयारी दाखवली. तुमच्या वडिलांनी कधी चुकलं म्हटलंय का, मला माहीत नाही. म्हटलं नसेल तर घाई करू नका, आणि कुणाला करू देऊ नका.

तिसरं सगळ्यात जड आहे. चर्चमध्ये मुलांवर अत्याचार झाले, आणि ते वर्षानुवर्षं झाकले गेले, हे जगभर सिद्ध झालंय. तुम्ही ज्या वचनामुळे इकडे आलात, तेच वचन आमच्यातल्या अधिकाऱ्यांनी पायदळी तुडवलं. तुम्ही ज्या मंडळीत जाणार आहात तिथे मुलांच्या सुरक्षेचे नियम लेखी आहेत का, तक्रार कुणाकडे करायची, ते विचारा. विचारल्यावर चेहरे बदलले तर दुसरी मंडळी बघा.

आणि देवाला 'बाप' म्हणणं जमत नसेल तर सक्ती नाही. यशया संदेष्टा देवाला आईसारखं सांत्वन करणारा म्हणतो. स्तोत्र २७ मध्ये आईबापांनी सोडलं तरी परमेश्वर जवळ करील, असं आहे. ज्या माणसाने ते रचलं त्याला आईबाप सोडतात हे ठाऊक होतं.

पाऊलखूण

खूप आभार. नियमांचं मी विचारलं होतं. लेखी आहेत, प्रत मागितली तर लगेच हातात ठेवली. मी कॅथलिक चर्चमध्ये तयारी करते आहे, त्यामुळे शिकण्याचा काळ लांब होता आणि मला तो हवाच होता. एका दुसऱ्या ठिकाणी मला "पुढच्या रविवारीच घेऊन टाकू" म्हणाले होते, तिथे मी परत गेले नाही. बाप्तिस्मा एकदाच होतो, पुन्हा होत नाही. मग तिथवर पोचताना पाऊल घट्ट हवं.

'बाप' मला अजून म्हणता येत नाही. प्रभूच्या प्रार्थनेतली देवाला बाप म्हणणारी पहिली हाक इतर सगळे देतात तेव्हा मी गप्प असते आणि 'तुझे नाव पवित्र मानिले जावो' पासून सुरू करते. शिकवणाऱ्या फादरना सांगितलं. ते म्हणाले, चालेल.

दगडफूल

पुन्हा एकदा. तुम्ही म्हणता, उद्देशून बोलायला कुणीतरी हवं. महायान या बौद्ध पंथात अवलोकितेश्वर हा बोधिसत्त्व आहे, जगाचा आक्रोश ऐकणारा. जपानमधल्या शिनरान या बौद्ध गुरूने तेराव्या शतकात हेच शिकवलं की स्वतःच्या बळावर सुटका होत नाही, अमिताभ बुद्धाच्या कृपेवर सोपवावं लागतं. हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं का? म्हणजे जे हवं ते बौद्ध परंपरेच्या आतही असताना बाहेर जायचं का, हा माझा प्रश्न आहे.

आणि एक गोष्ट तुमच्यासाठी. उपाली नावाचा श्रीमंत गृहस्थ निगंठांचा, म्हणजे जैनांचा, उपासक होता. बुद्धाला वादात हरवायला आला आणि शरण जायला निघाला. बुद्ध त्याला म्हणाले, गृहपती, नीट विचार कर, तुझ्यासारख्या नामांकित माणसाने विचार करूनच पाऊल उचलावं. तरी त्याने शरण घेतलं तेव्हा म्हणाले, तुझ्या घरी निगंठांना इतकी वर्षं भिक्षा मिळत आली आहे, ती बंद करू नकोस.

पाऊलखूण

उपालीची गोष्ट मला माहीत नव्हती. दगडफूल, तुम्ही मला थांबवायला निघालात आणि जाण्याची रीत दिलीत. आमच्याकडून विहारातल्या अभ्यासिकेला दरवर्षी जे जातं ते मी चालू ठेवेन. ते बंद करायचं माझ्या मनात होतं, आता नाही.

अवलोकितेश्वराबद्दल मी नंतर वाचलं, शिनरानबद्दलही. दोन्ही फार सुंदर आहे. पण मला नुसतं ऐकणारा पुरला नसता. स्वतः मार खाल्लेला हवा होता. फटके, थुंकणं, उघडं करून टांगणं, आणि सगळे मित्र पळालेले. मला धर्मातलं जे काही कळलं ते इथून कळलं. तुमच्या मते ही तत्त्वज्ञानातली मोठी चूक असेल, हे मी समजू शकते. ब्रिस्टल विद्यापीठात महायानाचे नावाजलेले अभ्यासक असलेले पॉल विल्यम्स कित्येक वर्षं बौद्ध राहून कॅथलिक झाले. त्यांचं कारण तर्काचं होतं : पुढच्या जन्मी जे जन्मेल ते 'मी' नसेलच, तर त्यात माझ्यासाठी आशा कुठली? माझं कारण असं नाही. पुनर्जन्माबद्दल मी वाद घालू शकणार नाही.

मला खरं छळतंय ते वेगळंच. माझी आजी. मारामारी सुरू झाली की ती मला ओढून तिच्या खोलीत न्यायची आणि दाराला पाठ लावून बसायची. वडील बाहेरून दार ठोकायचे आणि तिची पाठ हलायची. ती बौद्ध म्हणून जगली, बौद्ध म्हणून गेली. येशूचं नाव तिने ऐकलंही नसेल. तिच्याबद्दल काय मानायचं?

गव्हाचा दाणा

तुमच्या चर्चचं उत्तर लिखित आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, १९६४ मध्ये म्हटलं की ज्यांना स्वतःचा दोष नसताना शुभवर्तमान ठाऊक झालं नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि विवेकाच्या आवाजाप्रमाणे वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. देवाची ओळख न पटलेल्या पण प्रामाणिकपणे जगणाऱ्यांचाही त्यात उल्लेख आहे. पुढच्याच वर्षी त्याच परिषदेने बौद्ध धर्माचा नाव घेऊन आदराने उल्लेख केला आणि अन्य धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही असं जाहीर केलं. इतर काही पंथ तुम्हाला वेगळं आणि कठोर सांगतील, तेही ऐकू येईल. माझ्यापुरतं सांगतो. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवशी विचारलं जातं ते भुकेल्याला खायला दिलं का, परक्याला घरात घेतलं का. दाराला पाठ लावून बसलेल्या बाईची मला काळजी वाटत नाही.

ओसरी

मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही. पण आज राहवलं नाही. मी आई आहे. माझी मुलगीही असंच काही म्हणते आहे. आमच्या घरातही तिच्या वडिलांचा हात सुटायचा. मी मध्ये पडले नाही. ती सांगते तेव्हा मी रडते आणि विषय तिथेच राहतो. ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर लक्ष्मीबाईंनी किती सोसलं ते आपण सगळे शाळेपासून ऐकतो, आणि त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो पाच वर्षांनी. मी तिकडे जाणार नाही, हे मला माहीत आहे. पण मुलगी तुटू नये. तुमच्या आईने काय केलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं?

पाऊलखूण

काकू, तुम्ही लिहिलंत हे फार मोठं आहे.

माझ्या आईला मी मागच्या महिन्यात सांगितलं. ती आधी म्हणाली, "लोकांना काय सांगू?" मग बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तुझ्या बापाला मी थांबवायला हवं होतं." इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्यात कर्म नव्हतं, देणं नव्हतं, "तेही थकून यायचे" नव्हतं. मला तिच्याकडून एवढंच हवं होतं. धर्माबद्दल आम्ही त्यानंतर बोललोच नाही.

म्हणून मुलीला धर्माबद्दल काही विचारण्याआधी, जे झालं ते तुम्ही तुमच्या तोंडाने बोला. तिने काढण्याची वाट बघू नका. रडू आलं तर येऊ द्या, पण वाक्य पुरं करा, कारण तुम्ही रडलात की ती तुम्हाला सावरायला लागते आणि तिचं सांगायचं राहून जातं. मी हे माझ्या आईबरोबर कायम करत आले. वडिलांची बाजू मांडू नका. ती कोणत्या मंडळीत जाते, तिथली माणसं कशी आहेत, तिच्यावर कुणी घाई तर करत नाही ना, हे जरूर विचारा. गव्हाचा दाणा यांनी वर लिहिलेले प्रश्न तिला पाठवा, ते आईने पाठवले तर ती नक्की वाचेल.

माझी आई त्या रात्री येणार आहे. तिला मेणबत्ती धरावी लागेल का, असं ती विचारत होती. मी सांगितलं, नाही धरलीस तरी चालेल, फादरना मी आधीच कळवून ठेवलंय.